शिमग्याची बोंब आणि युद्धाचा बाँब
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या चिटणीसांनी मला या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी कोणी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, पुढे अध्यापनाचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर राजापूर तालुक्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून ३६ वर्षे झिजविलेले खडू, एवढीच माझी पुंजी. परंतु गेली काही वर्षे एक गोष्ट मनाला बोचत आहे आणि ती आपणांसारख्या आप्तेष्टांसमोर बोलून टाकावी, असे वाटल्यावरून मी हे निमंत्रण स्वीकारले. म्हणून आजचे हे भाषण उपदेशाचे नाही; एका मास्तराने आपल्या हातून झालेली चूक स्वतःच तपासून तिच्यावर लाल शाईची खूण करावी, अशा प्रकारचे ते आहे.

विषय आहे आपल्या शिमग्याचा. आणि त्यातही शिमग्याच्या होमाभोवती उठणाऱ्या बोंबेचा. हसू नका. ज्या एका शब्दापायी एका गावात दोन होम पेटले, तो शब्द हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या भागातील शिमग्याचे वर्णन आपणांपुढे करणे म्हणजे समुद्राला पाणी दाखविण्यासारखे आहे. फाल्गुन शुद्ध पंचमीची फाकपंचमी झाली, की गावात वारे फिरते. कोठे तेरसे शिमगे, तर कोठे भद्रेचे. मुंबईचे चाकरमानी रजा काढून, मिळेल त्या गाडीने गावी लोटतात. देवाची पालखी सजते, ढोल घुमू लागतात, माड, पोफळ किंवा आंबा तोडून सारा गाव तो खांद्यावर नाचवीत आणतो, उभा करतो, भोवती गवत, पेंढा, लाकूडफाटा रचतो. गाऱ्हाणे होते, मानकरी होम लावतात, नारळ अर्पण होतो आणि त्या क्षणी शेकडो हात तोंडाशी जाऊन एकच बोंब उठते. मुंबईच्या चाळीत किंवा सदनिकेत बसलेल्या आपल्या माणसाला फाल्गुनात गावाची जी हुरहूर लागते, तिच्यात त्या ज्वाळेइतकाच त्या बोंबेचाही वाटा असतो.

आता माझी चूक सांगतो. मी शिक्षक होऊन जेमतेम वर्ष झाले असेल. फाल्गुनाचे दिवस होते आणि वर्गातील मुलांचे चित्त पुस्तकात नव्हते. तेव्हा त्यांना गोडी वाटावी म्हणून मी म्हणालो, “मुलांनो, ही बोंब कोठून आली, ठाऊक आहे काय? पहिल्या महायुद्धात आपल्या कोकणातले शिपाई परमुलखात लढावयास गेले. तेथे त्यांनी बाँब फुटताना ऐकले. गावी परतल्यावर शिमग्याच्या होमापुढे त्यांनी त्या आवाजाची नक्कल केली आणि बाँबची झाली बोंब!” मुले खूष झाली. ही व्युत्पत्ती मी कोणत्याही ग्रंथात वाचली नव्हती. दोन शब्दांचा आवाज सारखा वाटला आणि मधली कथा मी रचली. मुलांना आवडली म्हणून दरवर्षी फाल्गुनात ती सांगत गेलो. पाच-सात वर्षांनी तर ती आपण रचलेली आहे, याचाही मला विसर पडला. खोट्या नाण्याचे असेच असते. ते पुष्कळ हातांतून फिरून आले, की पाडणाऱ्यालाही खरे वाटू लागते.

मी सेवानिवृत्त झालो आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या गावात मानावरून तंटा उभा राहिला. गावाचे नाव मी घेत नाही. दोन वाड्या; वरची आणि खालची. होम लावून पहिली बोंब कोणी द्यावयाची, हा प्रश्न. आपणांस ठाऊकच आहे, की आपल्याकडे जमिनीच्या हद्दीपेक्षाही मानाची हद्द अधिक बारकाईने मोजली जाते. खालच्या वाडीचे म्हणणे, की हा मान पूर्वापार आमचा. वरच्या वाडीतील एक वृद्ध गृहस्थ उठले आणि म्हणाले, “आमचे आजोबा बसऱ्याच्या लढाईवर गेले होते. त्यांचे पदक अजून आमच्या पेटीत आहे. बाँबची बोंब या गावात त्यांनी आणली. त्याआधी येथे बोंब नव्हतीच. तेव्हा पहिल्या बोंबेचा मान आमच्या घराचा.” कोणीतरी विचारले, याला पुरावा काय? त्यावर त्यांचा नातू, एके काळचा माझाच विद्यार्थी, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “गुरुजी, तुम्हीच ना सांगितलंत शाळेत?”

सभामंडपात शे-दीडशे माणसे बसली होती. सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला त्या वेळी खरे काय ते सांगता आले असते. मी सांगितले नाही. “पाहून सांगतो,” एवढेच म्हणालो. तंटा मिटला नाही. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी गावात दोन होम पेटले. दोन रात्री मुलेबाळे घेऊन आलेले चाकरमानी या होमाला जावे की त्या, अशा पेचात पडले. एका वाडीत दिलेल्या लेकीला माहेरच्या होमापुढे नारळ ठेवता आला नाही. हे सारे मी ओटीवरून पाहात होतो.

“पाहून सांगतो” असा शब्द दिला होता, म्हणून पाहण्यास निघालो. तालुक्याच्या ठिकाणी वाचनालयात जाऊन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मागितला. हा जेम्स मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी. कँडी बंधू आणि अनेक शास्त्रीमंडळी यांच्या साहाय्याने त्याने सिद्ध केलेल्या या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईस निघाली. त्यात ‘बोंब’ हा शब्द आहे आणि अर्थही आपल्या ओळखीचाच आहे. तोंडावर हात मारीत केलेली आरोळी. पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. म्हणजे ते सुरू होण्यापूर्वी ८३ वर्षे आपली बोंब कोशात जाऊन बसली होती. आणि जो शब्द कोशात जातो, तो त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांच्या तोंडी असतो. माझी व्युत्पत्ती त्या एका पानाने धुळीस मिळविली.

पान मिटल्यावर ध्यानात आले, की हे समजण्यासाठी कोशाचीही गरज नव्हती. व्याकरण शिकविणाऱ्या माणसाला ते घरबसल्या उमगावयास हवे होते. ‘बाँब’ हा शब्द पुल्लिंगी. तो बाँब, ते बाँब. ‘बोंब’ स्त्रीलिंगी, ती बोंब, त्या बोंबा. बोंबेला बोंबलणे हे क्रियापद आहे, बोंबाबोंब हे नाम आहे, बोंब मारणे, बोंब ठोकणे, बोंब उठणे असे वाक्प्रचार आहेत आणि ‘चोराच्या उलट्या बोंबा’ ही म्हण तर लहान मुलालाही पाठ असते. बाँबला यांपैकी काय आहे? नवा पाहुणा घरात येतो तेव्हा एकटा येतो. ज्याचे लेक, सुना, नातवंडे घरभर पसरलेली दिसतात, तो त्या घराचा जुना मालक समजावा. शब्दांचेही असेच आहे.

आणि त्या म्हणीचा अर्थ पाहा. घरात चोर शिरला असता घरधन्याने बोंब ठोकावयाची; ती चोरानेच ठोकली, म्हणून ती उलटी. यावरून बोंब ही मुळात संकटाची हाक होती, असे दिसते. तोंडावर हात मारीत काढलेला, तुटत तुटत जाणारा तो आवाज साध्या हाकेहून वेगळा ओळखू येतो. कोणाच्या घराला आग लागली, चोर आले, की बोंब उठावयाची आणि शेजारपाजार धावून यावयाचा. मला वाटते, एरवी दुःखाची असणारी ती हाक वर्षातून एकदा आनंदाने मारावयाची, हीच शिमग्याची गंमत असावी.

मग ‘बाँब’ कोठला? इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून घेतला, त्याच्या मुळाशी लॅटिन आणि त्यामागे ग्रीक भाषेतील एक शब्द आहे. त्याचा अर्थ घुमणारा, गुणगुणणारा आवाज. म्हणजे ग्रीकांनीही ओठ मिटून, उघडून आवाजाची नक्कल केली आणि आपल्या पूर्वजांनीही केली. कावळ्याला दोन देशांत सारख्या आवाजाचे नाव मिळाले, तर त्यावरून एका देशाने दुसऱ्याकडून ते उसने घेतले असे ठरत नाही. आपल्या वर्तमानपत्रांतून बाँब हा शब्द गाजू लागला तो १९०८ साली. त्या वर्षी ३० एप्रिल रोजी मुझफ्फरपूर येथे बाँब फुटला आणि त्यासंबंधी ‘केसरी’त लिहिलेल्या ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. लोकमान्यांचा जन्म आपल्या रत्नागिरीचा. तेव्हा बाँब हा शब्द ऐकण्यासाठी कोकणच्या माणसाला बसऱ्यापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. तो सहा वर्षे आधीच येथे छापून येत होता.

याहून नवल वाटण्याजोगी गोष्ट आपल्या राजापूरचीच आहे. फुटणाऱ्या पोकळ गोळ्यांशी राजापूरचा संबंध साडेतीनशे वर्षांहून जुना आहे. १६६० साली सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला आणि शिवाजी महाराज गडावर अडकले, तेव्हा राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन हा आपल्याबरोबर तोफ आणि असे गोळे घेऊन घाट चढून गेला आणि इंग्रजांचे निशाण लावून त्याने गडावर मारा केला. महाराजांनी ही गोष्ट लक्षात ठेवली. पुढच्याच वर्षी, १६६१ साली, त्यांनी राजापूर घेतले, वखार खणून काढली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैद केले. हा इतिहास आपणांपैकी अनेकांनी वाचला असेल. परंतु माझ्या विषयाला उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे. त्या गोळ्यांना खुद्द इंग्रज आपल्या पत्रांतून बाँब म्हणत नसत, ‘ग्रेनेडो’ म्हणत. हा शब्द डाळिंबावरून आलेला आहे. बाहेर कवच आणि आत दाणे. आपल्याकडे असल्या गोळ्याला कुलपी गोळा आणि तो उडविणाऱ्या आखूड तोफेला उखळी तोफ म्हणत. सारांश, फुटणारा गोळा राजापूरला आला तोही बाँब या नावाने आला नाही.

बंधुभगिनींनो, येथवर मी माझी व्युत्पत्ती मोडली. परंतु नुसती मोडतोड करून मास्तराचे काम संपत नाही. शोधता शोधता माझ्या हाती असे आले, की शिमग्याच्या होमाजवळ लढाईतून आलेले शब्द खरोखरच आहेत; मात्र ते आपण ओळखीत नाही. बोंबेला आपण उगाच शिपाई केले आणि जे खरे शिपाई, ते साध्या वेषात आपल्यातच वावरत आहेत.

होमाभोवती रेटारेटी झाली, की आपण म्हणतो, “काय ही भाऊगर्दी!” हा शब्द पानिपतचा आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊंच्या सैन्याचा जो संहार झाला, त्या दिवसाला भाऊगर्दी म्हणत. गर्दी या शब्दाचा जुना अर्थच दंगल, मारामारी, कत्तल असा होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यालाही नारायणरावांची गर्दी असे म्हटले गेले. हजारो घरांतील कर्ती माणसे ज्या शब्दात गाडली गेली आहेत, तो शब्द आज आपण यात्रेच्या रेटारेटीला लावतो. उत्सवात आकाशात सोडावयाचा बाण घ्या. हा काही धनुष्याचा बाण नव्हे. नळीत दारू ठासून, काठीला बांधून शत्रूवर सोडावयाचे अस्त्र म्हणजे बाण. ते सोडणाऱ्याला बाणदार म्हणत. म्हैसूरच्या हैदर आणि टिपू यांच्या अशा बाणांनी इंग्रजांना इतके हैराण केले, की १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांनी ते विलायतेस नेऊन त्यांचा अभ्यास केला. मुलांची टोळी म्हणजे ‘पलटण’. हाही युरोपीय कवायती फौजेचा शब्द. प्रश्नांची ‘सरबत्ती’ आणि टीकेचा ‘भडिमार’ आपण रोज करतो. पैकी पहिली मुळात बंदुकांची आणि दुसरा तोफांचा.

आणि उलट दिशेनेही शब्द गेलेले आहेत. होळी हा सणाचा शब्द. परंतु १९०५ साली वंगभंगाच्या चळवळीत पुण्यास विलायती कपडे जाळले गेले आणि १९२१ साली ३१ जुलै रोजी महात्मा गांधींच्या हस्ते मुंबईस परळ येथे विदेशी कपड्यांचा ढीग पेटविला गेला, तेव्हा लोकांनी त्या आगीला होळी हेच नाव दिले. तेव्हापासून ‘होळी करणे’ हा चळवळीचा शब्द झाला. एवंच, सणाची आग आणि लढ्याची आग यांच्यात शब्दांची ये-जा चालूच असते. म्हणून तर माझ्यासारख्याचा घोटाळा होतो. आणि म्हणूनच प्रत्येक शब्दाला त्याचे साल विचारले पाहिजे. कथा कितीही गोड असो, साल जुळले नाही तर ती सोडून द्यावी.

आता गावाचे काय झाले ते सांगून पुरे करतो. तिसऱ्या वर्षी फाकपंचमीच्या आधी गावसभा भरली. मी कोशातील ते पान हाताने उतरवून घेतले होते. ते वाचून दाखविले आणि म्हणालो, “मंडळी, बोंब बसऱ्याहून आली ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली. यात वरच्या वाडीचा दोष नाही. त्यांनी आपल्या मास्तरावर विश्वास ठेवला, एवढाच त्यांचा अपराध.” सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. ते वृद्ध गृहस्थ उठून निघून गेले. मला वाटले, एक भांडण मिटवावयास गेलो आणि दुसरे ओढवून घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी मला पाट दिला, पाण्याचा तांब्या पुढे केला, पण बोलले नाहीत. मग मीच म्हणालो, “भाऊ, तुमच्या आजोबांना बोंबेचा टेकू कशाला पाहिजे? ज्या माणसाने गावची वेस कधी ओलांडली नव्हती, तो समुद्रापलीकडे गेला, लढला आणि परत आला. त्या मोहिमेत किती मराठे कूत येथील वेढ्यात उपाशी राहिले आणि १९१६ साली कैदेत गेले, याची तुम्हांस कल्पना आहे काय? हा मान खरा आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तो खोट्या गोष्टीला बांधाल, तर गोष्टीबरोबर तोही बुडेल.” त्यांनी काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने आत जाऊन पेटी उघडली आणि ते पदक आणून माझ्या हातावर ठेवले. त्याच्या कडेवर शिपायाचा क्रमांक आणि नाव कोरलेले होते. इतक्या वर्षांत ते कोणी वाचले नव्हते. मी मोठ्याने वाचून दाखविले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांना पाणी आले.

त्या वर्षी होम एकच लागला. मान कोणाचा, हा प्रश्न पुरता सुटला, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे असे प्रश्न पुरते सुटत नसतात. पण पहिली बोंब कोणी एकाने द्यावयाची नाही, गाऱ्हाणे संपताच साऱ्या गावाने मिळून द्यावयाची, एवढे ठरले. ती आम्ही दिली. मीही दिली, आणि घसा बसल्यामुळे पुढचे दोन दिवस मला कोणाशी बोलता आले नाही.

आपल्या ज्ञातीत लढाईवर गेलेल्या, गिरणीत राबलेल्या, बोटीवर चाकरी केलेल्या पूर्वजांची घरे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयीच्या गोष्टी आपण मुलांना अवश्य सांगाव्यात. परंतु सांगण्यापूर्वी पेटी उघडून पदक वाचावे, जुना कागद पाहावा, साल विचारावे आणि वही काढून ते लिहून ठेवावे. शिमगा सरतो आणि कवित्व उरते, असे आपण म्हणतो. उरणारच आहे, तर ते खरे उरावे, एवढीच माझी आपणां सर्वांस नम्र विनंती आहे.